झाडांचं सामान झाडांच्या दुकानातूनच घ्यायचं असं कुठे लिहिलंय का?

पानोपानी:

मंडळी नमस्कार. घरातल्या कुंड्या तिसाच्या वर गेल्यात (मी मोजायचं सोडलंय, घरचे मोजतात) आणि मागच्या आठवड्यात सहज हिशोब काढला तर असं दिसलं की झाडांवर जेवढा खर्च झालाय त्यापेक्षा जास्त झाडांच्या आजूबाजूच्या वस्तूंवर झालाय. पर्लाइटची (मातीत मिसळायचे ते हलके पांढरे दाणे) इवलीशी पिशवी, मॉस पोल (वेल चढवायचा शेवाळ भरलेला खांब), हिरवी वेल्क्रो पट्टी, आणि एक पितळी रंगाची झारी जिच्या तोटीतून पाणी झाडाला कमी आणि माझ्या पायाला जास्त मिळतं.

हे डोक्यात यायला कारण घडलं एक. बाथरूमचा नळ गळत होता म्हणून वॉशर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर तिथे भिंतीला टेकवून हिरव्या प्लास्टिकचं कोटिंग असलेल्या तारेच्या जाळीचा भेंडोळा उभा. माझ्या मॉस पोलची जाळी ती! तेच कोटिंग, तसेच चौकोन. मी विचारलं ही कशी देता, तर दुकानदार म्हणाला किती मीटर हवी. मीटर! मी आजवर ती वीतभर तुकड्यात, पानाचं चित्र छापलेल्या पाकिटातून आणत होते. वॉशर विसरले, जाळी घेऊन आले, नळ अजून गळतोय.

तर विचारायचं हे की असं आणखी काय काय आहे? म्हणजे वस्तू तीच, पण दुसऱ्याच धंद्यात दुसऱ्या नावाने निम्म्याहून कमी पैशात पडून आहे. आणि हो, कुठे फसलात तेही सांगा, कारण स्वस्त म्हणून काहीतरी आणून झाडच गेलं असं व्हायला नको.

---

माशांचा मामा:

पानोपानीताई, नळ दुरुस्त करा आधी :)

मी मूळचा मासेवाला, झाडं नंतर आली, त्यामुळे माझा सगळा प्रवास उलटा झाला. मला कुणी सांगितलंच नव्हतं की स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरणारं वाळकं शेवाळ, झाडांच्या दुकानात मिळतो, मी तो सरडे-कासवं पाळणाऱ्यांच्या सामानातून आणायचो, कारण त्यांच्या पेट्यांत ओल धरायला तोच अंथरतात. तिथेच नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि झाडाच्या सालीचे तुकडे मोठ्या पिशव्यांत मिळतात, अंथरूण म्हणून. ऑर्किडचं मिश्रण म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा हेच, फक्त पिशवी छोटी आणि वर फुलाचा फोटो. एक बघायचं, पाकिटावर साल कुठल्या झाडाची ते लिहिलेलं असावं. पाइन किंवा फर चालते. सीडर असेल किंवा रंगवलेले तुकडे असतील तर ठेवा परत.

मत्स्यालयाच्या दुकानातून मी काय आणतो: लांब दांड्याचे चिमटे (निवडुंगाच्या कुंडीतला कचरा काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही, बोटं वाचतात), पाणवनस्पतींच्या जाळीदार टोपल्या ज्या ऑर्किडला अगदी बेस्ट कारण मुळांना चारी बाजूंनी हवा मिळते, काचेला चिकटणारे रबरी चोषक ज्यांना खिडकीवर वेल अडकवता येतो, आणि पाण्याचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा. मीटर घेतल्यावर कळलं की माझ्या नळाचं पाणी इतकं जड आहे, आणि मी मात्र पानांच्या टोकांचा रंग कशाने जातोय ते वर्षभर शोधत बसलो होतो.

आणि फुकटातली गोष्ट म्हणजे टाकीचं पाणी बदलताना निघालेलं पाणी. माशांच्या घाणीतला अमोनिया टाकीतले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे झाडाचं जेवण. ज्याच्याकडे टाकी आहे तो ते पाणी ओतूनच देतो, मागून बघा. फक्त टाकीत मीठ किंवा औषध घातलेलं असेल तर नको, आणि समुद्री माशांच्या टाकीचं तर अजिबातच नको.

उलटी बाजूही सांगतो. पाणवनस्पतींसाठीची खास माती आणि बाटलीतली खतं मात्र तिथे घेऊ नका, त्या बाबतीत आमचे लोक तुमच्या लोकांपेक्षा जास्त लुटतात.

---

हिरवी काडी:

+१ टोपल्यांना.

माझे तीन पटकन. वेल्क्रो पट्टी कॉम्प्युटरच्या वायरी बांधायची घ्या, पूर्ण रोल मिळतो, काळ्या रंगाचा असतो पण चार दिवसांनी दिसत पण नाही. कुंडीच्या भोकावर लावायला डासांच्या जाळीचा तुकडा, किंवा प्लास्टरच्या सांध्यांवर चिकटवतात ती फायबरग्लासची जाळीची पट्टी, ती आपली आपण चिकटते. आणि नावाच्या पट्ट्या विकत घेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, कुठल्याही पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापा आणि पेन्सिलीने लिहा. मार्करने नाही, पेन्सिलीने. मार्कर उन्हात उडून जातो, माझ्याकडे सात कोऱ्या पट्ट्या आहेत आणि सात झाडं आहेत ज्यांची नावं आता फक्त त्यांनाच माहीत.

पेन्सिलीतलं ग्रॅफाइट उजेडाने फिकं पडत नाही.

---

चाळणीबाई:

अगं पानोपानी, छान धागा काढलास. माझा विषय माती, म्हणजे खरं तर मातीत माती सोडून जे जे घालतो ते सगळं, त्यामुळे जरा लांबेल.

पर्लाइट ही काय चीज आहे ते आधी कळलं की अर्धं काम होतं. ती ज्वालामुखीची काच आहे. साधारण ८५०-९०० अंश सेल्सिअसला तापवली की आतलं अडकलेलं पाणी वाफ होऊन निघतं आणि दाणा लाहीसारखा फुलतो. एवढी हलकी वस्तू फक्त आपल्या कुंड्यांसाठी बनत असेल असं वाटत असेल तर तसं नाही, तिचा मोठा वापर बांधकामात आहे, हलकं प्लास्टर, उष्णता अडवायचा थर वगैरे. म्हणून बांधकामाच्या सामानात ती पोत्याने मिळते. पण थांब, लगेच पळू नकोस. भिंतीच्या पोकळीत भरायच्या पर्लाइटवर बऱ्याचदा सिलिकॉनचा हात मारलेला असतो, पाणी धरू नये म्हणून, आणि आपल्याला तर पाणी धरायला हवंय. प्लास्टरची पर्लाइट खूप बारीक असते, तीही कुंडीत गाळासारखी बसते. दुकानात मूठभर मागून घे आणि पाणी टाकून बघ. दाणा ओला झाला तर ठीक, पाणी वरून मण्यांसारखं घरंगळलं तर ती भिंतीची, भिंतीलाच राहू दे. आणि मळताना आधी पाणी शिंपड, तिची धूळ नाकात घ्यायची नाही. मास्क लाव.

व्हर्मिक्युलाइटच्या (अभ्रकासारखं खनिज, तेही तापवून फुगवलेलं) बाबतीत मी जरा कडक आहे. नवीन, बागकामासाठीचं म्हणून विकतात ते घे. जुन्या इमारतीच्या छतातून निघालेलं, भंगारात आलेलं, कुणी फुकट दिलेलं, अजिबात हात लावू नकोस. अमेरिकेत माँटाना राज्यात लिबी नावाच्या गावी व्हर्मिक्युलाइटची प्रचंड मोठी खाण होती, त्या खनिजात ॲस्बेस्टॉस मिसळलेला होता आणि तो माल वर्षानुवर्षं घरांच्या छतांत भरला गेला. खाण १९९० मध्ये बंद झाली, छतं अजून आहेत. चार पैसे वाचवायला फुफ्फुस पणाला लावू नये बाई.

लेका, म्हणजे त्या भाजलेल्या मातीच्या फुगीर गोळ्या, त्याही मुळात बांधकामातल्याच, हलकं काँक्रीट करायला आणि गच्चीत भराव घालायला वापरतात. पोतं घेतलंस तर चाळून घे, धूळ निघेपर्यंत धू, एक दिवस भिजत ठेव, पाणी बदल. मी पहिल्यांदा न धुता वापरल्या, काचेच्या बरणीत लाल काढा तयार झाला आणि बिचारं मनीप्लांट त्यात उभं.

आता सगळ्यात वादाचा विषय, मांजराची माती, म्हणजे घरातल्या मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ती. बोन्साय करणारे लोक ती वापरतात हे खरं आहे, पण ती कुठली, तर भट्टीत भाजलेल्या डायटोमाइट मातीची, न चिकटणारी, वास न घातलेली. बाजारात जास्त मिळते ती बेंटोनाइटची, ओली झाली की गोळा होणारी, आणि ती कुंडीत घातलीस तर मुळांभोवती सिमेंट होईल. पाकिटावर काय लिहिलंय त्यावर विसंबू नकोस, चाचणी कर. वाटीत थोडे दाणे रात्रभर पाण्यात ठेव, सकाळी दोन बोटांत चिमट. दाणा दाणाच राहिला तर पास. चिखल झाला तर मांजराला.

वाळूची अशीच गंमत. बांधकामाची बारीक वाळू मातीतली हवेची जागा भरून टाकते, निचरा सुधारायच्या ऐवजी बिघडतो. जलतरण तलावाच्या फिल्टरची वाळू धुतलेली आणि सारख्या दाण्याची असते, पण दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तोही निवडुंगाला बारीकच. दोन ते चार मिलिमीटरची कच शोध, नसेल तर खडी चाळून काढ, माझं नाव चाळणीबाई उगाच नाही पडलं. पक्ष्यांना घालतात ती कच घेणार असशील तर त्यावर दोन थेंब व्हिनेगर टाक, फसफसलं तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे चुनखडी, आणि ती हळूहळू मातीचा पीएच वर नेईल.

कोळसा घ्यायचा तर लाकडाचा ओबडधोबड. साच्यात दाबलेल्या एकसारख्या वड्या नकोत, त्यात चिकटवायला आणि लवकर पेटायला काय काय घातलेलं असतं.

---

पानोपानी:

बापरे चाळणीबाई, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते. छतातल्या व्हर्मिक्युलाइटचं ऐकून अंगावर काटा आला, मला एकाने खरंच फुकट देऊ केलं होतं, जुनं घर पाडलं तेव्हाचं. नशीब आळस केला.

शेतीच्या दुकानातून कुणी काही आणतं का? मी एकदा आत डोकावले होते पण सगळं पोत्यांत आणि मला पाहिजे चमचाभर, त्यामुळे लाजून परत आले.

---

शिवारवाला:

लाजायचं काय त्यात, आम्ही पण वाटून घेतो.

खत-बियाण्याच्या दुकानातून घरातल्या झाडांना पहिली वस्तू म्हणजे विद्राव्य खत. १९:१९:१९ किंवा २०:२०:२० लिहिलेलं, पूर्ण पाण्यात विरघळणारं. ते आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण. तुम्ही ज्या छोट्या बाटल्या आणता त्यात पण हेच असतं, वर पाणी भरपूर आणि रंग. साधा हिशोब मांडतो. २०:२०:२० चं १ ग्रॅम १ लिटर पाण्यात टाकलं तर लिटरला २०० मिलिग्रॅम नत्र झालं. घरातल्या झाडाला त्याच्या निम्म्यात भागतं, म्हणजे अर्धा ग्रॅम लिटरला. म्हणजे १ किलोच्या पुड्यात २००० लिटर पाणी होतं. तीस कुंड्यांना तुम्ही आठवड्याला १० लिटर जरी घातलं तरी २०० आठवडे, जवळजवळ चार वर्षं. आता सांगा बाटली घ्यायची का.

दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, हे खत हवेतला ओलावा ओढून दगड होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि चार मैत्रिणींत वाटून घ्या. दुसरं, अंदाजाने चमचा मारायचा नाही, खिशातला छोटा काटा आणा, दागिन्यांचं वजन करतात तसला. जास्त झालं की पानांची टोकं जळतात आणि मग लोक म्हणतात शेतीचं खत वाईट.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाची, ५ किलोची दाबलेली वीट घ्या, भिजवली की घमेलं काय टब भरतो. पण त्यात सोडियम आणि पालाशाचे क्षार अडकलेले असतात, म्हणून दोन-तीन पाण्यातून पिळून काढा. नेटाने करायचं तर शेवटच्या पाण्यात थोडं कॅल्शियम नायट्रेट टाकून रात्रभर ठेवा, कॅल्शियम आत शिरतं आणि सोडियम बाहेर पडतं, मग एकदा साध्या पाण्याने धुवा. मामांचा टीडीएस मीटर इथेच कामाला येईल, पिळलेलं पाणी तपासा.

बाकी रोपवाटिकेचे प्रो ट्रे (रोपं करायचे खणाखणांचे ट्रे), शेडनेटचा तुकडा, पिवळे चिकट सापळे. सापळा मोठा मिळतो, कात्रीने आठ तुकडे करा आणि काडीला लावून कुंडीत खोचा, फुलपाखराच्या आकाराचे जे विकतात त्याच्यात आणि याच्यात गोंद तोच आहे.

आणि हात जोडून सांगतो, शेतातली कीडनाशकं स्वस्त दिसली म्हणून घरात आणू नका. ती उघड्या रानासाठी असतात, झोपायच्या खोलीसाठी नाही. निंबोळी तेल ठीक.

---

सुईदोरा:

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण शिवणकामाच्या आणि लोकरीच्या दुकानाचं नाव कुणीच घेतलं नाही.

आपोआप पाणी देणाऱ्या महागड्या कुंड्या बघितल्यात ना, त्यात आत असते एक वात. बस्स. नायलॉनची दोरी किंवा ॲक्रिलिक लोकरीचा चारपदरी धागा घ्यायचा, एक टोक कुंडीच्या भोकातून मुळांपर्यंत, दुसरं खाली पाण्याच्या डब्यात. सुती घेऊ नका, महिना-दोन महिन्यांत कुजतो, मी आधी सुतीच घेतला होता कारण घरात तो होता आणि दहा दिवस बाहेर जाऊन आले तर आफ्रिकन व्हायोलेटं टुमटुमीत, खूश झाले, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा तोच धागा कुजलेला निघाला आणि सगळ्यांच्या माना खाली. ॲक्रिलिकचा आता तिसऱ्या वर्षात आहे. वात आधी ओली करून मगच लावायची, कोरडी असली की पाणी चढत नाही. आणि हे हलक्या, कोकोपीट-पर्लाइटच्या मिश्रणात चालतं, जड मातीत सगळं गच्च ओलं राहून मुळं सडतात.

पडद्याचं झिरझिरीत कापड उरलेलं, रेम्नंट, ते खिडकीला, ऊन गाळायला.

औषधाच्या दुकानातून मी सुईशिवायची सिरिंज (मिलिलिटर मोजायला), कापसाच्या काड्या आणि ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणते. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला की काडी बुडवून थेट त्याच्यावर टेकवायची, फवारा नाही. आधी एका पानावर करून बघा, मांसल पानांच्या झाडांवर जी पांढरी पावडर असते ती अल्कोहोलने निघून जाते आणि परत येत नाही. आणि गॅसजवळ बसून हे उद्योग नकोत.

आर्द्रता मोजायचा छोटा डिजिटल मीटर मी वाद्यांच्या दुकानातून घेतला, गिटारच्या पेटीत ठेवतात तो. तो खरं बोलतोय का ते बघायचं तर झाकणात मीठ घ्या, थोडंसंच पाणी, ओल्या वाळूइतपत, आणि मीटरसकट हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. माझा ७१ दाखवतो, म्हणजे मनात चार मिळवायचे.

आता माझा प्रश्न शिवारवाल्यांना. पिवळे सापळे लावले, चिलटं चिकटतात, पण संपत नाहीत. काय करू?

---

शिवारवाला:

सुईदोराताई, सापळ्यावर चिकटतात ती मोठी, अळ्या तर मातीत आहेत. त्यासाठी पण दुसऱ्याच खात्यातली वस्तू आहे, डासांच्या अळ्या मारायचं बीटीआय. हा एक जिवाणू आहे, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या साचलेल्या पाण्यात सापडला, पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. डास आणि त्यांच्या जवळच्या माश्या-चिलटांच्या अळ्यांनी तो खाल्ला की त्यांचं आतडं निकामी होतं, माणसाला, मांजराला, माशाला काही नाही. पाण्यात भिजवून तेच पाणी कुंडीला, आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे. एका वेळेत होत नाही कारण अंडी राहतात. आणि वरची इंचभर माती मधेमधे कोरडी पडू द्या, नाहीतर बीटीआय काय करणार.

नाव नीट बघून घ्या, नुसतं बीटी म्हणून सुरवंटांसाठीचं वेगळं मिळतं, ते चिलटांवर चालत नाही.

---

हिरवी काडी:

पिठ्या ढेकणाला मी तर भांडी घासायचं लिक्विड पाण्यात टाकून मारते सरळ, अल्कोहोल कशाला.

---

चाळणीबाई:

काडी, ते नको गं. भांड्याचं लिक्विड म्हणजे डिटर्जंट, त्याचं कामच चिकटपणा काढायचं, आणि पानावरचा मेणाचा थर पण त्याला तेलकटपणाच वाटतो. कीटकनाशक साबण म्हणून जो असतो तो पोटॅशियमचा साबण, वेगळा. इथे मात्र मी झाडांच्याच दुकानात जाईन, सगळ्याच ठिकाणी शहाणपणा करायचा नाही.

---

उजेडात बसलेली:

लाइटबद्दल कुणी बोललं नाही अजून! सगळ्यात जास्त पैसे तर तिथेच जातात.

जांभळट-गुलाबी ग्रो लाइट घेऊन मी दोन वर्षं घर डिस्कोसारखं करून बसले होते, शेजारी विचारायचे काय चाललंय. प्रत्यक्षात झाडाला ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो आणि साध्या पांढऱ्या एलईडीत तो सगळा पट्टा थोडाफार असतोच. विजेच्या सामानाच्या दुकानातून ४००० ते ६५०० केल्विन लिहिलेली साधी ट्यूब किंवा बल्ब घ्या. वॅट बघू नका, लुमेन बघा. लुमेन माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे हे मान्य, पण दोन पांढऱ्या दिव्यांत तुलना करायला पुरतं.

खरी चूक अंतराची होते. छतावरचा बल्ब बदलून काही होणार नाही. बल्बपासून अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा उरतो. टेबललॅम्प घ्या, वीत-दीड वीत वर ठेवा, आणि बारा-चौदा तासांचा टायमर लावा. टेबललॅम्प तर जुन्या बाजारात ढिगाने मिळतात, वायर तेवढी तपासून घ्या, आणि पाणी फवारताना आधी बंद करा.

---

कंजूष कुंडी:

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं थोडं थांबायला हवं, कारण स्वस्तात मिळतंय म्हणून १०० लिटर पर्लाइटचं पोतं आणणारा माणूस मी स्वतः आहे. ते पोतं गेली पाच वर्षं पलंगाखाली आहे. पलंग आता हलवता येत नाही. हिशोबाने वाचले म्हणायचे की गेले, मला अजून कळलेलं नाही.

माझ्या मते काही सामान घ्यायचंच नसतं. कुंडीच्या तळाला दगड-खापऱ्यांचा थर, त्यासाठी लोक रंगीत खडे विकत आणतात. त्याने निचरा होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या दगडांत सहज उतरतच नाही, सीमेवर अडून बसतं, म्हणजे ओला थर उलट वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

कुंड्याही नव्या लागत नाहीत. रोपवाटिकांच्या मागे काळ्या प्लास्टिकच्या जुन्या कुंड्यांचा ढीग असतो, नेता का म्हणून तेच विचारतात. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि धुवा, आधीच्या झाडाचे रोग गेले. मग ती कुंडी जुन्या बाजारातल्या कुठल्याही सुंदर भांड्यात सरकवा. भांड्याला भोक पाडायचं असेल तर डायमंडचं पोकळ बिट, जागा सतत ओली ठेवायची, आणि ड्रिल दाबायचं नाही, आपल्या वजनाने जाऊ द्यायचं. मी दाबलं. दोन सुंदर भांड्यांचे आता पाच तुकडे आहेत. (विजेच्या ड्रिलवर पाणी ओतू नका, भांड्यातच थोडं पाणी घेऊन बसवा, बॅटरीवरचं ड्रिल असेल तर उत्तम.)

कटिंगसाठी बंद पेटी म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा कुठलाही झाकणाचा डबा चालतो, त्याला वेगळं नाव देऊन विकतात एवढंच.

पर्लाइट कुणाला हवी असेल तर सांगा. खरंच सांगतोय.

---

पानोपानी:

कंजूष कुंडी, पलंगाखालची पर्लाइट वाचून मी आणि घरचे, सगळे हसलो, पण माझ्या हसण्यात जरा कमी आवाज होता कारण मी आज काय करून आलेय ते ऐका.

शेतीच्या दुकानात गेले, यावेळी न लाजता. १९:१९:१९ चा एक किलो आणि सापळे आणले, बहिणीच्यात आणि मैत्रिणीच्यात मिळून तीन वाटे केले. दागिन्यांचा काटा मागवलाय. विजेच्या दुकानातून ट्यूब, ६५००. लोकरीच्या दुकानात गेल्यावर मात्र वातीपुरता धागा घेऊन बाहेर पडता आलं नाही, तीन गुंडे आणले, आता स्वेटर पण होणार बहुतेक. हे बचतीच्या खात्यात धरायचं नाही.

बांधकामाच्या दुकानात पर्लाइट होती, मूठभर मागितली, पाणी टाकलं आणि चाळणीबाई म्हणाल्या तसं मण्यांसारखं घरंगळलं! दुकानदार म्हणाला ताई हीच चांगली, पाणीच लागत नाही हिला. काय सांगू त्याला.

आणि हो, मांजराची माती. पाकिटावर स्पष्ट लिहिलंय नैसर्गिक दाणे, गोळा होत नाही. मोठी पिशवी स्वस्तात होती म्हणून दोन आणल्या. आत्ता वाटीत भिजत घातलीय, सकाळी सांगते.

---

चाळणीबाई:

चाचणी आधी आणि खरेदी मग, असं लिहायला विसरले का मी?

---

पानोपानी:

चिखल.

---

माशांचा मामा:

आता मांजर कुठे स्वस्त मिळतं असा नवीन धागा काढा.